पर्यावरणपूरक राहायचंय? आधी खरेदी थांबवा, मग घरातूनच सुरुवात करा (एकेक पायरी, सविस्तर)

पर्यावरणासाठी आपण पण काहीतरी करायला हवं असं एकदा मनात आलं की आपण काय करतो, तर खरेदीला लागतो. बांबूचा ब्रश, स्टीलची स्ट्रॉ, काचेचे एकसारखे डबे, कापडी पिशव्यांचा सेट... आणि घरात आधीपासून असलेले धडधाकट प्लॅस्टिकचे डबे जातात कचऱ्यात. मी पण सुरुवातीला हेच केलं होतं, म्हणून सांगतोय. ज्या वस्तूचं आयुष्य अजून शिल्लक आहे ती फेकून तिच्या जागी "इको" वस्तू आणणं म्हणजे एक कचरा वाढवला आणि वर एक नवीन वस्तू बनवायला लावली, बस्स.

कापडी पिशवीचंच बघा. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांचा पूर्ण हिशोब मांडला होता, म्हणजे कच्च्या मालापासून शेवटपर्यंत. त्यात साध्या सुती पिशवीने फक्त हवामानाच्या बाबतीत प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायची तर ती किमान ५२ वेळा वापरावी लागते असं निघालं, आणि पाणी, ओझोनचा थर, रसायनं असे सगळे परिणाम धरले तर ७,१०० वेळा. आता प्लॅस्टिकची पिशवी उडून नाल्यात, समुद्रात जाऊन जे काही करते ते या आकड्यांत धरलेलं नाही, त्यामुळे "मग प्लॅस्टिकच बरं" असा अर्थ कृपया काढू नका. अर्थ एवढाच की घरात आहे ती पिशवी, मग ती कसलीही असो, फाटेपर्यंत वापरायची. आठवड्यातून एकदा वापरली तरी ५२ व्हायला एक वर्ष लागतं, आणि दर दोन महिन्यांनी कुठूनतरी नवीन पिशवी घरात येत असेल तर ते ५२ कधी होणारच नाहीत.

तर या लेखात विकत घ्यायच्या वस्तूंची यादी नाहीये. घरातून काय वाया जातंय ते आधी शोधायचं आणि मग एकेक भोक बुजवत जायचं, असा हा क्रम आहे.

पहिली पायरी: एक आठवडा फक्त कचरा बघा

काहीही बदलू नका. डस्टबिनच्या वर भिंतीला एक कागद चिकटवा, शेजारी पेन दोऱ्याने बांधून ठेवा (पेन बांधलं नाही तर दुसऱ्या दिवशी गायब होतं आणि लिहायचं राहून जातं), आणि जे काही टाकाल ते दोन शब्दांत लिहा. काय टाकलं आणि का टाकलं. "पालेभाजी, सडली." "पाकीट, रिकामं." "चार्जरची वायर, तुटली." घरातल्या सगळ्यांनी लिहायचं, लहान मुलं तर आवडीने लिहितात.

सात दिवसांनी तो कागद घेऊन बसा. माझ्या घरच्या कागदावर मला वाटलं होतं प्लॅस्टिक सगळ्यात वर असेल, पण वर होतं अन्न. फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात पिशवीत बांधलेली एक जुडी, पानं काळी पडून त्यांना पाणी सुटलेलं, रबरबँड अजून तसाच. ती पिकवायला पाणी लागलं, आणायला इंधन लागलं, फ्रीजमध्ये आठ दिवस विजेवर थंड राहिली आणि कुणाच्या पोटात न जाता गेली. तुमच्या कागदावर दुसरं काही निघेल, आणि जे निघेल तिथूनच सुरुवात करायची. इंटरनेटवरचे शंभर उपाय एकदम सुरू केले की पंधरा दिवसांत सगळे सुटतात, म्हणून एका महिन्याला एकच गोष्ट धरा.

दुसरी पायरी: अन्न

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात म्हटलंय की २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. हॉटेलं आणि दुकानं त्यानंतर येतात. माणशी हिशोब केला तर घरातल्या घरात वर्षाला ७९ किलो. म्हणजे हा प्रश्न "मोठ्या कंपन्यांनी सोडवायचा" असा नाहीये, निदान हा तरी नाही.

काय करायचं:

फ्रीजमध्ये डोळ्यांसमोरच्या कप्प्यात एक डबा किंवा ट्रे ठेवा, त्यावर "आधी हे संपवा" असं लिहा. अर्धा कापलेला कांदा, कालची उरलेली भाजी, उद्यापर्यंतच टिकेल असं फळ, सगळं त्यात. स्वयंपाकाला लागण्याआधी पहिला हात त्या ट्रेकडे गेला पाहिजे. हा एवढा एकच बदल केलात तरी फरक दिसतो, मी अगदी खात्रीने सांगतो.

पालेभाजी आणल्या आणल्या धुऊन ठेवू नका, ओलाव्याने ती लवकर सडते. निवडा, कोरड्या सुती कापडात गुंडाळा, आणि वापरायच्या वेळी धुवा. केळी, सफरचंद, पिकलेले टोमॅटो हे इथिलीन नावाचा वायू सोडतात, त्याने आजूबाजूच्या भाज्या भराभर पिवळ्या पडतात, म्हणून ही फळं भाज्यांपासून लांब ठेवायची. उलट एखादं फळ कच्चं असेल आणि लवकर पिकवायचं असेल तर केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवा, तोच वायू कामाला येतो.

फ्रीजचं तापमान ४ अंशांच्या आसपास हवं, फ्रीजर उणे १८. दाराचं रबर सैल झालंय का ते बघायला दारात एक कागद अडकवून दार लावा आणि कागद ओढा, सहज सुटून आला तर रबर गेलंय, थंडी बाहेर पडतेय आणि वीज फुकट चाललीय.

आणि पाकिटावरच्या तारखा नीट वाचा. "बेस्ट बिफोर" म्हणजे त्या तारखेपर्यंत चव-दर्जा उत्तम असेल, त्यानंतर कोरडा पदार्थ लगेच विष होत नाही, वास घ्या, बघा, मग ठरवा. पण "यूज बाय" किंवा एक्सपायरी लिहिलं असेल तर तिथे मात्र रिस्क घेऊ नका, ती तारीख सुरक्षिततेची असते.

तिसरी पायरी: ओला कचरा घरातच जिरवा

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच घाबरतात आणि इथेच सोडून देतात.

आधी कशासाठी ते बघू. साली, देठं, उष्टं हे पिशवीत बांधून कचऱ्याच्या डोंगरात गेलं की खाली दाबलं जातं, तिथे हवा नसते, आणि हवेशिवाय कुजताना त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट उष्णता अडवतो, आणि वीस वर्षांचा धरला तर ८० पटीच्या आसपास. तेच देठ हवा खेळती असलेल्या ठिकाणी कुजलं तर मिथेन जवळपास होतच नाही आणि हातात खत येतं. फरक फक्त हवेचा.

जुनी बादली, फुटका टब, रंगाचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन, काहीही चालेल. खाली पाच-सहा आणि बाजूंना चहूकडून भोकं पाडा, साधारण पेन्सिल जाईल एवढी. खाली ताटली किंवा विटांचे तुकडे. तळाला चार बोटं सुका पाला किंवा फाडलेला पुठ्ठा. बस, झाली तयारी.

आता रोज ओल्या कचऱ्याची एक वाटी टाकली की सुक्याच्या दोन वाट्या वरून टाकायच्या. सुकं म्हणजे वाळलेली पानं, लाकडाचा भुसा, साध्या कागदाचे आणि पुठ्ठ्याचे तुकडे (चकचकीत प्लॅस्टिकचा थर असलेला कागद नको). हे प्रमाण का, तर कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागाला कार्बनचे २५ ते ३० भाग लागतात, ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, सुक्यात कार्बन जास्त. मोठे तुकडे बारीक करून टाका. आठवड्यातून दोनदा काठीने तळापासून वर-खाली करा, हे चुकवायचं नाही, कारण हवा तिथूनच जाते.

ओलावा कसा ओळखायचा? मूठभर मिश्रण घ्या आणि जोरात आवळा. पिळलेल्या स्पंजसारखं लागलं, बोटांतून एखादा थेंब आला की बरोबर. धार लागली तर सुकं वाढवा. हातातून भुसभुशीत सांडलं तर थोडं पाणी शिंपडा.

माझी पहिली बादली पूर्ण बिघडली होती. मी नुसता ओला कचरा टाकत गेलो, वास येईल म्हणून झाकण घट्ट लावलं, आणि सहाव्या दिवशी झाकण उघडलं तर सडक्या अंड्यासारखा वास आणि तळाला काळं पाणी. घरातले म्हणाले बंद कर हे. मी ते सगळं जुन्या वर्तमानपत्रावर पसरलं, पुठ्ठ्याची दोन खोकी हाताने फाडून त्यात मिसळली, बादलीला आणखी भोकं पाडली आणि परत भरलं. तिसऱ्या दिवशी वास गेला, आणि आत हात घातला तर मिश्रण कोमट लागत होतं. ती ऊब म्हणजे जिवाणू कामाला लागल्याची खूण, त्या दिवशी मला खरंच फार बरं वाटलं.

तर वासावरून दुखणं ओळखा. सडकी अंडी म्हणजे हवा कमी, ओल जास्त. अमोनियासारखा, नाकाला झोंबणारा वास म्हणजे सुकं कमी पडतंय. चिलटं दिसली तर ओलं वर उघडं राहतंय, प्रत्येक वेळी सुक्याने झाकून टाका. पांढरी बुरशी आली तर घाबरू नका, ती पण कुजवायचंच काम करते. काही वेळा जाड करड्या अळ्या होतात, दिसायला किळसवाण्या वाटतात पण बहुतेक वेळा त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, चावत नाहीत, कचरा उलट लवकर फस्त करतात. नको वाटत असतील तर सुकं वाढवा, कोरडं झालं की कमी होतात.

घरगुती बादलीत मांस-मासे, दूध-दही, खूप तेलकट, कुत्र्या-मांजराची विष्ठा टाकू नका. साधारण दोन-तीन महिन्यांत खालचा भाग काळपट, भुसभुशीत होतो आणि त्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. चाळून घ्या, न कुजलेलं परत नव्या बादलीत टाका, ते विरजणासारखं काम करतं.

चौथी पायरी: वीज आणि गॅस

इथे आपण सगळे दिव्यांच्या मागे लागतो आणि खरं खाणारं यंत्र सुटतं. साधा नियम लक्षात ठेवा, जे गरम करतं किंवा थंड करतं ते जास्त खातं. २० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला जवळपास अर्धा युनिट वीज लागते, आणि तेवढ्याच विजेत ९ वॉटचा एलईडी बल्ब ५० तासांहून जास्त चालतो. म्हणजे पंख्या-दिव्यांवरून घरात भांडणं करण्यापेक्षा आंघोळीचं पाणी थोडं कमी तापवलं, थोडं कमी घेतलं तर जास्त फायदा. गिझर दिवसभर चालू ठेवू नका, आंघोळीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी लावा. एसी असेल तर तापमान दोन-तीन अंश वर आणि सोबत पंखा.

बल्बचं म्हणाल तर जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब अजून कुठे असेल तर तो मात्र आजच बदला, इथे "संपेपर्यंत वापरा" हा नियम लागू नाही. ९ वॉटचा एलईडी तेवढाच उजेड देतो, रोज पाच तासांच्या हिशोबाने वर्षाला ९३ युनिट वाचतात.

स्वयंपाकात एक गोष्ट माहीत असून आपण करत नाही. पाण्याला एकदा उकळी फुटली की मोठ्या आचेने ते जास्त गरम होत नाही, उघड्या पातेल्यात ते १०० अंशांच्या आसपासच राहतं, जास्तीची आच फक्त वाफ करण्यात जाते. आणि वाफ करणं फार महाग काम आहे, एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते त्याच्या सातपट ते सगळं वाफेत बदलायला लागते. म्हणून उकळी आली की आच बारीक आणि झाकण घट्ट, एवढंच. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून तिथे वेळ वाचतो, आणि पहिली शिट्टी झाल्यावर तिथेही बारीक आच पुरते. कडधान्यं रात्रभर भिजवली तर अजून कमी.

टीव्ही, सेटटॉप बॉक्स, चार्जर रात्री भिंतीवरच्या बटणाने बंद करा. बचत फार मोठी नाही, पण सवयीची आहे.

पाचवी पायरी: पाणी

मोजल्याशिवाय कळत नाही. शॉवरखाली बादली ठेवा, एक मिनिट घड्याळ लावून चालू करा, किती भरली बघा आणि आपण जेवढी मिनिटं उभे राहतो त्याने गुणा. ठिबकणाऱ्या नळाखाली भांडं ठेवून तासभर थांबा. तासाला एक लिटर जमलं तर दिवसाला २४ आणि वर्षाला ८,७६० लिटर झाले, आणि बिघडलेलं काय असतं तर बहुतेक वेळा आतला छोटासा वॉशर. तो बदलायला दहा मिनिटं लागतात.

फ्लशची टाकी गळत असेल तर आवाज पण येत नाही. टाकीत खाण्याचा रंग थोडा टाका, अर्धा तास फ्लश करू नका, मग भांड्यात रंग उतरलाय का बघा. उतरला असेल तर आतला झडप-रबर बदलायचा.

भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना, कपडे शेवटच्या वेळी खंगाळलेलं पाणी फरशी पुसायला. वॉशिंग मशीन पूर्ण भरल्यावरच लावा.

सहावी पायरी: कपडे आणि वस्तू

एका सुती टीशर्टसाठी, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, साधारण २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज आहे. हे एकदा डोक्यात बसलं की बटण तुटलं म्हणून शर्ट बाजूला टाकायला हात धजत नाही. सुई, दोन-तीन रंगांचे दोरे, जुन्या कपड्यांची काढून ठेवलेली बटणं एका डबीत ठेवा, आणि महिन्यातून एक संध्याकाळ फक्त दुरुस्तीची. उसवलेली शिवण लहान असतानाच दोन टाके घातले तर पाच मिनिटांचं काम, तशीच धुवायला टाकली तर पुढच्या वेळी ती दुप्पट झालेली असते. सिंथेटिक कपडे धुताना त्यातून प्लॅस्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात, त्यांना कमी वेळा, गार पाण्यात धुवा.

नवीन काही घ्यावंसं वाटलं की ते कागदावर तारखेसह लिहा आणि ३० दिवस थांबा. महिन्यानंतरही हवं असेल तर घ्या, अगदी मोकळ्या मनाने घ्या. बहुतेक गोष्टी आपोआप खोडल्या जातात.

मोबाईल-लॅपटॉपचं वेगळं सांगायला हवं. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. फोनच्या आयुष्यातलं बहुतेक प्रदूषण तो बनतानाच होऊन गेलेलं असतं, त्यामुळे बॅटरी बदलून तोच फोन दोन वर्षं जास्त वापरणं यासारखा उपाय नाही. फुगलेली किंवा जुनी लिथियम बॅटरी साध्या कचऱ्यात कधीच टाकू नका, दाबली गेली की पेट घेते आणि कचरा उचलणाऱ्या माणसाला भाजू शकतं. ती वेगळी ठेवून ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

सातवी पायरी: प्लॅस्टिक

मुद्दाम शेवटाकडे ठेवलंय. २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लॅस्टिक कचरा झाला त्यातला जेमतेम ९ टक्के रिसायकल झाला, त्यामुळे "मी वेगळं करून देतो ना" यावर समाधान मानू नका, घरात येणंच कमी करा. वस्तूच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ आकडा असतो, तो फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, रिसायकल होईलच याची खात्री देत नाही. १ आणि २ नंबरचं, म्हणजे पाण्याच्या बाटल्या, दुधाचे-शाम्पूचे जाड डबे, हे सहसा घेतलं जातं, ५ नंबर काही ठिकाणी, ३ आणि ६ क्वचितच. द्यायच्या आधी खळबळून वाळवा, नाहीतर एका खरकट्या डब्याने आख्खी पिशवी खराब होते. धुण्यासाठी नवीन पाणी घेऊ नका, भांड्यांचं शेवटचं पाणी पुरतं.

प्रवासाचं थोडक्यात. एक-दोन किलोमीटरला चाला किंवा सायकल घ्या, चार कामं एका फेरीत करा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, आणि ट्रेनने जाता येत असेल तिथे विमान टाळा. एका लांबच्या विमानप्रवासाने वर्षभर वाचवलेल्या पिशव्यांचा हिशोब कुठल्या कुठे जातो, हे कटू आहे पण खरं आहे.

घरातल्यांना सोबत घ्यायचं असेल तर बोलून दाखवू नका, सोय करून ठेवा. पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवलेली असली की ती बाहेर जाते, कपाटात घडी करून ठेवली तर राहते. ओल्या-सुक्याचे डबे शेजारी शेजारी आणि वेगवेगळ्या रंगांचे असले की कुणाला विचारावं लागत नाही. आणि कुणी चुकीच्या डब्यात काही टाकलं तर तुम्ही गुपचूप उचलून बरोबर डब्यात टाका.

तीन महिन्यांनी भिंतीवर परत एक कोरा कागद चिकटवा, पुन्हा सात दिवस लिहा आणि पहिला कागद शेजारी ठेवून बघा. आमच्याकडे दुसऱ्या कागदावर "सडली" हा शब्द एकदाच होता, पण "पाकीट, रिकामं" जसंच्या तसं अकरा वेळा होतं, त्यामुळे आमचा पुढचा महिना पाकिटांचा.